भिंतीची पारख : नागपूरचे ऊन आणि उष्णतारोधक लाकडी भिंत

१. दोन समजुती आणि त्यांचा समान दोष

नागपुरात घराची प्रत ठरविताना विटा, सिमेंट आणि सळई यांचीच मोजदाद होते. लाकूड, बांबू किंवा माती यांची भिंत एकतर गरिबीची खूण समजली जाते, नाहीतर शेतघरापुरती केलेली हौस. ही समजूत लोकांच्या मनातच राहिलेली नाही, तिला शासकीय नोंदींचाही आधार आहे. जनगणनेच्या वर्गीकरणात पत्र्याची भिंत कायमस्वरूपी घरांच्या गटात मोडते, तर माती-बांबूची भिंत तात्पुरत्या घरांच्या गटात. टिकाऊपणाच्या निकषावर या विभागणीचे समर्थन करता येईल. परंतु ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला, तेथे पत्र्याच्या खोलीला माती-बांबूच्या खोलीपेक्षा वरचे स्थान देणाऱ्या वर्गीकरणाने राहणाऱ्या माणसाचा विचार केलेला नाही, हे उघड आहे.

या समजुतीच्या उलट टोकाला दुसरी समजूत अलीकडे रुजू लागली आहे. लाकूड निसर्गातून येते, म्हणून लाकडी घर आपोआप थंड, आरोग्यदायी आणि पर्यावरणस्नेही असते, असे ती सांगते. पहिली समजूत लाकडाला कमी लेखते आणि दुसरी त्याला डोक्यावर घेते. दोघींचा दोष मात्र एकच आहे. दोन्ही समजुती भिंतीची पारख पदार्थाच्या नावावरून करतात.

भिंत ही थरांची रचना असते आणि तिचे मोल त्या थरांतून उष्णता व ओल कशी वाहते यावरून ठरते, हा प्रस्तुत लेखाचा सिद्धान्त आहे. या कसोटीवर उष्णतारोधक थर भरलेली लाकडी चौकटीची भिंत नागपूरसारख्या शहरात, विशेषतः पश्चिमेकडील व पूर्वेकडील बाजूंना आणि वरच्या मजल्यांवर, विटांच्या भिंतीपेक्षा सरस ठरू शकते. मात्र तिची रचना येथील हवामानासाठी केलेली असावी लागते, आणि तिचे लाकूड कोठून आले याचा हिशेब द्यावा लागतो.

२. नागपूरचे हवामान भिंतीकडे काय मागते

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या हवामानविषयक वर्गीकरणात नागपूर संमिश्र प्रदेशात येते. अशा प्रदेशात वर्षभर एकच ऋतुमान टिकत नाही. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कोरडा, भाजणारा उन्हाळा असतो, त्यानंतर दमट पावसाळा येतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गार होतात. अशा शहरातील भिंतीला तिन्ही ऋतूंत काम करावे लागते. तथापि तिची खरी परीक्षा मे महिन्यात होते.

मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते आणि पहाटेचे किमान तापमान २८ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे चोवीस तासांची सरासरी सुमारे ३५ अंश होते. जाड आणि जड भिंत घर थंड ठेवते या लोकमान्य विधानाची मर्यादा याच आकड्यात दिसते. जड भिंत दिवसाची उष्णता साठवते व रात्री सोडते, त्यामुळे तापमानातील चढउतार सौम्य होतात. परंतु सरासरी तापमान खाली आणण्याची शक्ती तिच्यात नसते. बाहेरची सरासरीच ३५ अंश असेल, तर केवळ जाडीच्या बळावर आतले तापमान त्याच्या आसपासच स्थिरावते. रात्री तापमान विशीच्या खाली उतरणाऱ्या वाळवंटी प्रदेशात हा उपाय पुरेसा असतो. नागपूरच्या मे महिन्यात तो अपुरा पडतो.

यात आणखी एक अडचण आहे. २३० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे नऊ इंची, विटांच्या भिंतीतून उष्णतेची लाट पलीकडे पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन त्यामुळे रात्री दहा ते बारा या वेळेत, माणसे झोपायला जातात नेमके तेव्हा, खोलीत उतरते. अंथरुणे गच्चीवर नेण्याची विदर्भातील जुनी सवय याच भौतिक कारणातून आलेली आहे. आज सुरक्षितता, डास आणि बहुमजली इमारतींमुळे ती सोय बहुतेकांना उरलेली नाही. भिंती मात्र तशाच राहिल्या आहेत.

३. उष्णतेचा हिशेब

भिंतीतून वाहणारी उष्णता मोजण्यासाठी उष्णता-पारगमन गुणांक वापरतात. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असताना तिच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून किती वॅट उष्णता जाते, ते हा गुणांक सांगतो. तो जितका कमी, तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा गुणांक सुमारे २ येतो. आजच्या अनेक बहुमजली इमारतींत भिंत नऊ इंचही नसते, आणि साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या १५० मिलिमीटर भिंतीचा गुणांक साडेतीनच्या आसपास जातो.

याच्या तुलनेत लाकडी चौकटीची भिंत घेऊ. उभ्या लाकडी पट्ट्यांच्या मधल्या जागेत १०० मिलिमीटर जाडीचा खनिज लोकरीचा अथवा लाकडी तंतूंचा थर आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर जाडीचे तक्ते धरले, तर भरलेल्या भागाचा गुणांक सुमारे ०.३५ येतो. लाकडी पट्ट्या भिंतीचा साधारण १५ टक्के भाग व्यापतात आणि त्यांतून उष्णता अधिक जाते, हे धरून एकूण गुणांक ०.४४ होतो. हवा आणि ऊन यांचा मिळून होणारा बाहेरचा परिणाम आतल्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त असेल, तर १५ चौरस मीटरच्या पश्चिम भिंतीतून विटांच्या बाबतीत सुमारे ६०० वॅट उष्णता आत येईल आणि लाकडी चौकटीच्या बाबतीत सुमारे १३० वॅट. हा हिशेब स्थिर स्थिती गृहीत धरून केला आहे. प्रत्यक्षात दिवसभर आकडे बदलत राहतात, तरी दोन्ही भिंतींतील प्रमाण त्यातून स्पष्ट होते.

यातूनच लाकडाविषयीचा मुख्य गैरसमज दूर होतो. लाकूड हे मध्यम प्रतीचे उष्णतारोधक आहे. विटांपेक्षा ते कितीतरी सरस असले तरी खनिज लोकरीच्या तुलनेत साडेतीन पट उष्णता वाहू देते. वरील गुणांक केवळ भरीव लाकडातून मिळवायचा तर भिंत सुमारे २९ सेंटिमीटर जाडीची करावी लागेल, आणि एवढे लाकूड भिंतीत घालणे आर्थिक व पर्यावरणीय अशा दोन्ही दृष्टींनी अविचाराचे होईल. इंचभर सागवानी फळ्या विटांवर ठोकून केलेली शोभेची भिंत तर उष्णतेच्या हिशेबात जवळजवळ निरुपयोगी असते. चौकटीचे लाकूड भार पेलते आणि रोधक थराला जागा देते. उष्णता अडविण्याचे काम तो थर करतो. गोधडीत ऊब धरण्याचे काम चिंध्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा करते आणि धागा ते थर जागेवर ठेवतो. लाकडी पट्ट्यांचे स्थान त्या धाग्याचे आहे.

४. थरांचा क्रम : युरोपातील नक्कल का चालणार नाही

*४.१ वजन आत, रोधक थर बाहेर.* हलक्या भिंतीवर एक सार्थ आक्षेप घेतला जातो. तिच्यात उष्णता साठविण्याची क्षमता कमी असल्याने आतली हवा लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून संपूर्ण घर हलके करणे नागपुरात योग्य नाही. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची असावी, आतल्या विभाजक भिंती विटांच्या अथवा मातीच्या असाव्यात आणि बाहेरचे वेष्टण तेवढे रोधक लाकडी चौकटीचे असावे. रोधक थराच्या आत असलेले वजन बाहेरच्या उन्हापासून सुरक्षित राहते. रात्रीच्या वायुवीजनाने किंवा कूलरने ते निवविले की दुसऱ्या दुपारी ते खोलीला आधार देते. हिवाळ्यात तेच वजन दक्षिणेच्या खिडकीतून आलेले ऊन साठवून ठेवते.

भार आणि आवरण यांची अशी फारकत मराठी वास्तुपरंपरेला नवी नाही. मराठा वाड्यांच्या बांधणीत भार लाकडी खांब व तुळयांच्या सांगाड्यावर असे आणि भिंती सांगाड्याच्या मधील जागा भरीत. वाडा थंड राहण्यात जाड भिंतींइतकाच चौक, पडवी आणि माळा यांचाही वाटा होता. त्या रचनेतून केवळ जाडी उचलायची आणि सावली व माळा सोडून द्यायचा, ही आजच्या बांधकामाची चूक आहे.

*४.२ ओलीचा मार्ग.* थंड देशांत घरातील उबदार, दमट हवा भिंतीत शिरून बाहेरच्या गार थरावर पाणी धरू नये म्हणून आतल्या बाजूला बाष्परोधक पत्रा किंवा प्लास्टिकचा पडदा लावतात. नागपुरात ऑगस्ट महिन्यात याच्या नेमके उलट घडते. बाहेरची हवा दमट असते, वातानुकूलित खोलीतील भिंत गार असते आणि बाष्प बाहेरून आत सरकते. अशा वेळी आतल्या बाजूचा प्लास्टिकचा पडदा बाष्पाला वाटेतच अडवतो, त्याच्यावर पाणी जमते आणि पडद्यामागील लाकूड कुजू लागते. म्हणून नागपूरच्या लाकडी भिंतीला दोन्ही बाजूंनी वाळता आले पाहिजे. आतला तक्ता बाष्प जाऊ देणारा हवा, आणि बाहेर पावसाचे पाणी झेलणारे आवरण असून त्याच्या मागे हवा खेळेल अशी दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी हवी. ही पोकळी उन्हाळ्यात दुसरेही काम करते. बाहेरचे आवरण भिंतीवर सावली धरते आणि त्याच्या मागची तापलेली हवा वर निघून जाते. परदेशी तयार नकाशा जसाच्या तसा उचलल्यास घर काही पावसाळ्यांतच खराब होईल आणि दोष लाकडावर येईल.

५. संभाव्य आक्षेप आणि उत्तरे

*५.१ “मुख्य उष्णता छतातून येते, भिंतीची चर्चा कशाला?”* या आक्षेपात मोठे तथ्य आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि छतावर सर्वाधिक ऊन पडते. स्वतंत्र घराच्या मालकाने पहिला रुपया छताच्या रोधक थरावर आणि पांढऱ्या लेपावर खर्च करावा, यात दुमत नसावे. छतानंतर मात्र क्रम पश्चिम आणि पूर्व भिंतींचाच लागतो, कारण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य त्यांच्यावर सरळ पडतो, तर दक्षिणेच्या भिंतीला छोटा छज्जाही सावली देतो. शिवाय बहुमजली इमारतीतील मधल्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःचे छत नसते. त्याच्यासाठी भिंत आणि खिडकी हेच संपूर्ण वेष्टण असते.

*५.२ “नागपूर कूलरवर चालते, खिडक्या उघड्या असताना रोधक भिंतीचा उपयोग काय?”* कूलरला हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी लागते हे खरे; तथापि माणसाला जाणवणारे तापमान केवळ हवेचे नसते. सभोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी प्रारणाची उष्णता त्यात जवळजवळ निम्मा वाटा उचलते. वर घेतलेल्या २० अंशांच्या फरकात विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी तापलेला राहतो, तर रोधक भिंतीचा सुमारे १ अंशाने. वाळ्याच्या ताट्यांमधून गार हवा येत असूनही पश्चिमेच्या खोलीत तगमग होते, ती या तापलेल्या पृष्ठभागामुळे. रोधक भिंत कूलरचा परिणाम वाढवते आणि अनेक घरांत एसीची गरज लांबणीवर टाकते.

*५.३ “लाकूड वापरणे म्हणजे जंगलतोड.”* हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि भारतीय धोरणानेही तो गांभीर्याने घेतला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये बांधकामातील लाकडावर बंदी घातली आणि १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानंतर सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि लाकडावर चालणाऱ्या उद्योगांवर कडक नियंत्रण आणले. जंगल वाचविण्यासाठी हा संयम आवश्यक होता. परंतु लाकडाची जागा ज्या पोलाद, अॅल्युमिनियम व सिमेंटने घेतली, त्यांच्या भट्ट्यांचा धूर त्या हिशेबात धरला गेला नाही. २०२० मध्ये बांधकाम विभागाची बंदी उठली, त्यामागे हाच पुनर्विचार होता.

वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग कार्बन असतो. ५०० किलो वजनाच्या एका घनमीटर लाकडात त्यामुळे ९०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन बांधलेला राहतो. हा लाभ खरा ठरण्यासाठी मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. तोडलेल्या झाडाच्या जागी तितकीच वाढ व्हावी, आणि भिंतीने झाडाच्या वाढीला लागलेल्या काळाहून अधिक काळ टिकावे. नैसर्गिक जंगलातील जुना सागवान चौकटीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी गाडणे या दोन्ही अटींविरुद्ध जाते. त्या कामाला लागवडीतील लवकर वाढणारे, नीट वाळवलेले आणि प्रक्रिया केलेले लाकूड पुरते.

*५.४ “वाळवी, पाऊस आणि पूर.”* लाकूड वाळवीमुळे मरते असे म्हटले जाते, परंतु बहुधा ते आधी ओलीमुळे कमकुवत होते आणि मग वाळवी लागते. वाळवीप्रतिबंधक उपाययोजना आणि लाकडावरील संरक्षक प्रक्रिया यांसाठी भारतीय मानके उपलब्ध आहेत. ती पाळणे हा खर्चाचा आणि शिस्तीचा प्रश्न आहे. स्थानाचा प्रश्न मात्र निराळा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. अशा सखल भागात तळमजल्याची बाहेरची भिंत लाकडी करू नये. इतरत्रही लाकडी चौकट दगड किंवा काँक्रीटच्या उंच जोत्यावरच बसवावी. दुसऱ्या मजल्यावर वाढीव बांधकाम करताना हीच भिंत अधिक योग्य ठरते, कारण तिचे वजन विटांच्या भिंतीच्या तुलनेत फारच कमी असल्याने जुन्या पायावर भार कमी पडतो.

*५.५ “आग लागली तर?”* लाकूड जळते, आणि हे सत्य झाकण्यात अर्थ नाही. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये आगीत जळाली. उघडा, मोकळी हवा लाभलेला, वाळलेला बांबू किती वेगाने पेटतो याचा तो धडा होता. भिंतीच्या आत बंदिस्त लाकूड मात्र वेगळे वागते. जाड लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसते आणि कोळशाचा तो थर आतील भागाचे काही काळ रक्षण करतो. दोन्ही बाजूंना जिप्समचे तक्ते आणि मध्ये न जळणारी खनिज लोकर असेल, तर आग चौकटीपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. उलट, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ जणांचा बळी गेला तेव्हा इमारत काँक्रीटची होती. आग पसरली ती बाहेरच्या आवरणातील प्लास्टिकच्या गाभ्यामुळे आणि ज्वलनशील रोधक फेसामुळे. सुरक्षितता पदार्थाच्या नावावर अवलंबून नसून थरांच्या निवडीवर असते, हेच येथेही सिद्ध होते. तरीही दाट वस्तीत आणि उंच इमारतीत या भिंतीचा वापर अग्निशमन नियमांच्या चौकटीत, मर्यादित उंचीपर्यंतच व्हावा.

६. विदर्भाजवळ काय आहे

या भिंतीसाठी लागणारी सामग्री नागपूरच्या परिसरात विखुरलेली आहे. तिला एकत्र आणणारी व्यवस्था तेवढी नाही. लकडगंजच्या नावातच लाकडाचा व्यापार आहे आणि तेथे आरागिरण्या व सुतारकाम यांची परंपरा आहे. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाला देशभर मागणी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले. बांबूच्या बाबतीत कायद्याची मोठी अडचण दूर झालेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याला तो लावणे, तोडणे व विकणे सुलभ झाले. बांबूच्या चटया दाबून केलेले तक्ते चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावता येतात.

रोधक थराच्या बाबतीतही स्थानिक पर्याय आहेत. भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत तणस मुबलक असते. वर्धा आणि यवतमाळच्या कापूसपट्ट्यात दर हंगामाअखेर पऱ्हाटीचे ढीग उरतात आणि त्यांतील बराचसा भाग चुलीत किंवा बांधावर जळतो. पऱ्हाटीपासून तक्ते बनविण्याच्या तंत्रावर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काम केले असून तिचे एक केंद्र नागपुरातच आहे. कोरडे, घट्ट दाबलेले आणि किडीपासून व आगीपासून सुरक्षित केलेले तणस हा चांगला रोधक थर होऊ शकतो. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची आहे आणि १९३० च्या दशकापासून उभी आहे. आजच्या शहराने तशीच कुटी बांधावी असे नाही. स्थानिक सामग्री काळजीपूर्वक जपली तर दीर्घकाळ टिकते, एवढा पुरावा ती देते.

७. नियम आणि मोजणी

केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिते’ने २०१८ मध्ये निवासी इमारतींच्या वेष्टणासाठी मर्यादा घालून दिल्या. भिंती व खिडक्यांतून प्रति चौरस मीटर येणारी सरासरी उष्णता १५ वॅटच्या आत असावी आणि छताचा पारगमन गुणांक १.२ पेक्षा अधिक नसावा, अशी तिची अपेक्षा होती. संहिता पदार्थाचे नाव विचारत नाही, परिणाम विचारते. म्हणून तिची दृष्टी योग्य आहे. परंतु २०१८ च्या रूपात ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी होती. नागपूरच्या ले-आउटांमधील दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट सुमारे १४० चौरस मीटर भरतो. शहरातील लहान घरे, म्हणजे ज्यांना विजेचे बिल सर्वाधिक जड जाते त्यांची घरे, या नियमाच्या कक्षेबाहेर राहिली.

खर्चाचा प्रश्नही येथेच सुटू शकतो. उष्णतारोधक भिंतीचा खर्च बांधणारा करतो आणि विजेची बचत राहणाऱ्याला मिळते, म्हणून बाजार आपणहून या भिंतीकडे वळणार नाही. खरेदीदाराला घराच्या क्षेत्रफळाबरोबर भिंतीचा व छताचा गुणांक लेखी मिळू लागला, तरच चांगल्या भिंतीला किंमत येईल. त्याचबरोबर महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाने काही शासकीय निवासस्थानांच्या पश्चिम भिंती लाकडी चौकटीच्या करून, शेजारच्या विटांच्या निवासस्थानांसह त्यांचे तापमान, ओल आणि वीजवापर किमान एक पूर्ण वर्ष मोजावा. विश्वेश्वरैया राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या दोन्ही संस्था याच शहरात असल्याने हे काम अवघड नाही. मोजणी झाल्यावर हे आकडे येथील सुतार, कंत्राटदार आणि वास्तुविशारद यांच्या प्रशिक्षणात यावेत, कारण ही भिंत सांध्यांवर आणि कारागिरीवर उभी असते.

८. निष्कर्ष

नागपूरच्या जवळ कोराडी आणि खापरखेडा येथे, आणि पुढे चंद्रपूरला, कोळशावर वीज तयार होते. मे महिन्यातील रात्री तापलेल्या भिंती निवविण्यासाठी लागणारी वीज अशाच केंद्रांतून येते आणि त्यांच्या राखेचा व धुराचा भार विदर्भच सोसतो. त्यामुळे भिंतीतून येणारी उष्णता अडविणे हा खासगी सुखसोयीपुरता प्रश्न राहत नाही. उष्णतारोधक लाकडी भिंत हे या प्रश्नाचे एकमेव उत्तर नाही. छताचा थर, खिडकीवरील सावली आणि पोकळ किंवा हलक्या विटा यांचेही स्थान आहे. तिचे वैशिष्ट्य असे की कमी जाडीत आणि कमी वजनात ती उष्णता अडवते, आणि तिची बरीचशी सामग्री विदर्भाच्या शेतांतून व लागवडीतून येऊ शकते. पक्के घर कोणते हे ठरविताना यापुढे दोन प्रश्न एकत्र विचारले गेले पाहिजेत : ते किती वर्षे उभे राहील, आणि मे महिन्याच्या रात्री त्यात माणसाला झोप लागेल का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणारी भिंत, ती कोणत्याही पदार्थाची असो, नागपुरात पक्की मानता येणार नाही.